चपला घालून आंघोळ

"मी चपला घालून आंघोळ करणार नाही. एकदा सांगितलं," मालन म्हणाली. "आज सांगते, उद्याही सांगते, आणि परवा तुमच्या कमिटीच्या मीटिंगला येऊन माइकवर सांगते."

"मग कर अनवाणी. झटका बसला की माझ्या नावानं बोंबलू नको."

"म्हणजे झटका बसतो. कबूल करताय."

"झटका नाही, झिणझिण!" अण्णांनी दाढीचा ब्रश हवेत उगारला. फेसाचा एक ठिपका डाळीच्या डब्यावर उडाला. "झटका वेगळा, झिणझिण वेगळी. झटका माणसाला फेकतो. झिणझिण म्हणजे करंटची नुसती हवा. तुला इलेक्ट्रिकमधलं काय कळतं?"

"मला इतकंच कळतं की तेहतीस वर्षांत या घराच्या उंबऱ्याच्या आत चप्पल आली नाही. माझा भाऊ भर पावसात वेंगुर्ल्याहून फणस घेऊन आला, तर तुम्ही त्याला गॅलरीत उभा करून आधी पाय धुवायला लावले. डोक्यावर फणस तसाच! का, तर म्हणे समोर देव्हारा आहे. आणि आता त्याच देव्हाऱ्यापासून चार हातांवर तुम्ही रबरी चपला घालून आंघोळीचा श्लोक म्हणताय."

"त्या मोरीच्या चपला आहेत. कोऱ्या आणल्यात. रस्ता बघितला नाही त्यांनी."

"असं देवाला सांगा. पावती दाखवा त्याला."

कॉटवर बसून चहात खारी बुडवणाऱ्या सुंदराबाईंना, म्हणजे अण्णांच्या आईला, या वादात फक्त एकच गोष्ट ऐकू आली. त्यांनी खारी वर काढली आणि बजावलं, "शावर काडूचो नाय हां कोणी. सांगून ठेवतंय. माझे गुडघे कसे हलके झाले. तो परळचो फिजोवालो पायाक वायरी लावता, तेव्हा असाच झिणझिणता. थय नंबर लावूक लागता. हय घरात आसा."

"ऐक," अण्णा म्हणाले. "त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाला कळतं."

हे ऐकून मालनने गॅस बारीक केला आणि बादली घेतली. ती गेले नऊ दिवस पातेल्यात पाणी तापवून, शॉवरच्या खाली बसून, पण शॉवर बंद ठेवून आंघोळ करत होती. नळालाही ती उघडा हात लावत नव्हती. पाणी आदल्या दिवशीच पिंपात भरून ठेवत होती. घरात नवीन वस्तू आली की तिच्यापासून अंग चोरून राहायचं, हे मालनला नवं नव्हतं. फ्रिज आला तेव्हाही पहिला महिनाभर ती पायपुसण्यावर उभी राहून तो उघडत होती, कारण त्याचं कनेक्शनही अण्णांनीच केलं होतं.

लालबागच्या हरजीवन चाळीत दुसऱ्या मजल्यावर चौदा खोल्या, आणि त्या चौदाही खोल्यांतली वायर अण्णा घाडींच्या हाताखालून गेलेली. अण्णांच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर नाही असा दिवस कोणाला आठवत नव्हता. त्यांच्या लग्नाच्या फोटोतही तो आहे. शेरवानीच्या खिशातून पिवळी मूठ बाहेर डोकावते आहे. त्या लग्नात अंतरपाट धरला असताना हॉलचे दिवे गेले, तेव्हा नवरदेवाने आपला हार नवरीच्या हातात दिला, "आलोच" म्हणाला आणि स्टूल मागितलं. मालन दोन हार घेऊन अंधारात उभी होती. पाच मिनिटांनी दिवे आले आणि लोकांनी मंगलाष्टकं संपायच्या आतच टाळ्या वाजवल्या. आपला संसार कोणाशी होणार आहे, याची तिला तेव्हाच कल्पना आली होती.

तसे अण्णा वायरमन नव्हते. अठराव्या वर्षी ते गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात बदली कामगार म्हणून लागले आणि दोन वर्षं एका मिस्त्रीची शिडी धरून उभे राहिले. मग संप झाला. गिरणी गेली, मिस्त्री गावाला गेला. अण्णा पुढे दादरच्या एका पतपेढीत शिपाई म्हणून चिकटले आणि साठाव्या वर्षी तिथून निवृत्तही झाले, पण कोणी विचारलं की सांगायचे, "मी मूळचा इलेक्ट्रिकलचा." पतपेढीने त्यांना छत्तीस वर्षं पाणी आणायला लावलं. चाळीने त्यांना 'अण्णा, जरा बघता का' म्हटलं. माणूस कुठे रमेल, हे उघड आहे.

आणि खोटं कशाला बोला, ते उपयोगी पडले होते. सव्वीस जुलैच्या पुरात छातीभर पाण्यात उतरून, हातावर प्लास्टिकच्या पिशव्या बांधून त्यांनीच चाळीचा मेन स्विच पाडला होता. त्या दिवशी ते वर येईपर्यंत मालन गॅलरीचे गज धरून उभी होती. कोणाच्याही घरी ट्यूब बदलायची, पंखा लावायचा, सणासुदीची तोरणं चढवायची, तर अण्णा. तेही फुकट. चहा दिला तर घेणार, नाही दिला तर मागून घेणार.

फुकट हाच काय तो घोटाळा होता. जो मनुष्य पैसे घेत नाही, त्याच्या कामाला नावं ठेवणार कोण?

शॉवरचं प्रकरण सुरू झालं ते श्रेयापासून. मालनची ही थोरली मुलगी विरारला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. सातवा लागला तेव्हा तिचा फोन आला, "आई, मला आता खाली बसून तांब्याने आंघोळ होत नाही गं. बसले की उठता येत नाही. तुमच्याकडे उभ्याने काही सोय होईल का?"

सोय करायला वरद होताच. मालनचा हा धाकटा मुलगा, लोअर परळच्या एका टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर काम करतो आणि घरातली प्रत्येक अडचण मोबाइलवर अंगठा फिरवून सोडवतो. त्याने एक विजेचा शॉवर शोधून काढला. भिंतीवर हाताच्या पंजाएवढी पेटी, खाली झारी. बटण दाबलं की पाणी येतानाच गरम होऊन येतं. टाकी नको, जागा नको. "सहा घेतले तर सूट आहे," वरद म्हणाला. अण्णांनी गॅलरीत नुसता आवाज दिला, आणि संध्याकाळपर्यंत सहा घरं तयार झाली.

अण्णांनी सहा शॉवर पाच दिवसांत बसवले. पेटीत माहितीचं एक पुस्तक होतं. त्याच्या पहिल्याच पानावर लाल अक्षरात लिहिलं होतं की हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावं. अण्णांनी ते पान वाचलं, "हे अडाण्यांसाठी असतं," म्हणाले आणि पुस्तक मोरीतल्या डगमगत्या स्टुलाखाली टेकू म्हणून लावलं. मिक्सरच्या बोर्डातूनच वायर खेचली. पहिल्या दिवशी फ्यूज तीनदा उडाला, तेव्हा त्यांनी जरा जाड तार घातली. मग नाही उडाला.

तो उडायचा थांबला आणि नळाला हात लावला की झिणझिणायला लागलं.

अण्णांनी घोषणा केली की नवीन मशीन आहे, सुरुवातीला होतं तसं. आणि बाजारात जाऊन चार जोड रबरी चपला आणल्या.

दहाव्या दिवशी सकाळी मालन दूध घ्यायला गॅलरीत आली आणि जागच्या जागी थांबली. चाळीच्या गॅलरीत सकाळी काय दिसतं, हे ती डोळे मिटून सांगू शकली असती: प्रत्येक दाराबाहेर चपलांची रांग. आज चौदांपैकी पाच दारांबाहेर रबरी चपलांचे जोडच नव्हते. चामड्याच्या होत्या, सँडल होत्या, शाळेचे बूट होते. रबरी तेवढ्या आत गेल्या होत्या. अकरा नंबरातून पाण्याचा आवाज येत होता आणि पाण्याच्या आवाजात फटक फटक असा दुसराही आवाज होता.

अकरा नंबरच्या जाईबाई टॉवेल वाळत घालायला बाहेर आल्या. त्यांच्या पायांत ओल्या चपला होत्या. मालनची नजर तिकडे गेलेली पाहून त्यांनी पाय साडीत ओढून घेतले.

"जाईबाय, तुमच्याकडे पण?"

"काय ते?"

"झिणझिण."

जाईबाईंनी आधी इकडेतिकडे पाहिलं. "तुमच्याकडे पण होता? अण्णा तर म्हणाले, फक्त आमच्याकडेच होता म्हणून. आमची लादी खाली बसलीय, पाणी साचता, म्हणून."

"त्यांनी असं सांगितलं?"

"तेरा नंबरवालीला म्हणाले, तुझं रक्त पातळ आहे." जाईबाईंनी आवाज आणखी खाली आणला. "आम्ही बोललो नाय. एवढा मेला माणूस राबला, एक पैसा घेतला नाय. त्येका वाईट वाटात म्हणून ह्यांनी गप चपला आणल्या. मनवाला शिकवलाय, नळाला हात लावायचा नाय, रुमालाने सोडायचा."

मनवा ही जाईबाईंची नात. वय वर्षं सहा.

मालन दूध न घेताच घरात आली. सहा घरं, माणसं मोजली तर सत्तावीस, सकाळी उठून देवाचं नाव घ्यावं तशी चपला शोधत होती आणि एकमेकांना कळू देत नव्हती. का, तर अण्णांना वाईट वाटेल.

तिने त्याच दुपारी घरी करून विकायच्या मसाल्याची पिशवी घेतली आणि चिंचपोकळीला हेरंब राण्याच्या दुकानात गेली. हेरंब लायसन्सवाला वायरमन. दुकानात भिंतीवर त्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं, त्याच्याशेजारी गणपती. तिने पाऊण किलोची मालवणी मसाल्याची पुडी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. हेरंब ऐकत गेला. ती चपलांवर आली तेव्हा त्याने हातातली वायर खाली ठेवली.

"काकी, उद्या रविवार. मी येतो. मला चहाला बोलवा. अण्णांना सांगू नका की तपासायला येतोय."

"तुमचा करंट मोजायचा मीटर बघून ते ओळखणार."

"मीटर पिशवीत आणीन. वर मेथी ठेवीन."

रविवारी हेरंब खरोखरच मेथीची जुडी घेऊन आला. आल्या आल्या तो अण्णांच्या पाया पडला. अण्णांना ते आवडलं. पाच मिनिटं त्यांनी त्याला गिरणीतली मोठी मोटर कशी होती ते सांगितलं, पाच मिनिटं हल्लीच्या पोरांना टेस्टरही धरता येत नाही ते सांगितलं, आणि मग ज्याची वाट पाहायची होती तेच झालं. ते स्वतःच म्हणाले, "ये, तुला आपलं काम दाखवतो."

मोरीत तिघं उभे राहिले: अण्णा, हेरंब आणि दारातून मान घातलेला वरद. मालन ओट्यापाशी. सुंदराबाईंनी कॉट मोरीकडे वळवून घ्यायला लावली होती, शॉवर कोणी काढत नाही ना हे बघायला.

अण्णांनी चपला घातल्या आणि बटण दाबलं. पाणी आलं. वाफ आली. हेरंबने मेथीखालून मीटर काढला, दोन वायरी बाहेर घेतल्या, एक बोर्डात धरली, एक नळाला टेकवली.

"अण्णा, नळावर ब्याऐंशी दाखवतोय."

"कितीपैकी?"

"दोनशे तीसपैकी."

अण्णांनी मनात हिशेब केला. "म्हणजे पस्तीस टक्के. काठावर पास."

"करंटला पस्तीस टक्के पुरतात, अण्णा. आज पस्तीस आहे. शॉवरच्या आतली कॉइल आणखी खराब झाली की पूर्ण दोनशे तीस येईल, आणि तेव्हा चप्पल भिजलेली असेल." हेरंबने शॉवर बंद केला. "अर्थिंग कुठं दिलंय?"

"दिसत नाही? नळाच्या पाइपला." अण्णांनी बोट दाखवलं. नळामागे भिंतीतून आलेल्या वीतभर लोखंडी पाइपवर तांब्याच्या उघड्या तारेचे दोन वेढे होते, पक्कडीने करकचून पिळलेले. तीस वर्षं अण्णा असंच अर्थिंग देत आले होते. चाळीत त्याला 'अण्णांचं अर्थिंग' असंच नाव होतं.

"आणि हा पाइप कुठं जातो?"

"कुठं म्हणजे? जमिनीत. चाळीचा पाइप आहे, खाली जाऊन मातीत शिरतो. अजून काय पाहिजे करंटला? सरळ धरणीमातेच्या पोटात."

हेरंब गॅलरीत गेला. बाहेरच्या भिंतीवर पाइपावर त्याने नखाने टकटक केलं. आवाज लोखंडाचा नव्हता.

सगळ्यांनाच आठवलं. गेल्या वर्षी मजल्याचा गंजका लोखंडी पाइप काढून पांढरा प्लास्टिकचा टाकला होता. चाळीच्या कमिटीचे सेक्रेटरी या नात्याने त्यासाठी वर्षभर चकरा मारल्या त्या अण्णांनी. पाइप आला त्या दिवशी नारळ फोडला तोही अण्णांनी. गेटवर बॅनर लागला होता, त्यावर वरच्या ओळीत निधी देणारे, आणि सगळ्यात खाली, डावीकडून तिसरे, हात जोडलेले अण्णा. प्रत्येक घरात नळापाशी लोखंडाचा तेवढा वीतभर तुकडा राहून गेला होता. तार त्याच्यावर होती. तुकड्यापुढे प्लास्टिक.

"अण्णा," हेरंब फार हळू म्हणाला, "जुना पाइप होता तोवर तुमचं अर्थिंग चाललं. खरंच चाललं. पण आता ही तार कुठंच जात नाही. करंट नळापर्यंत येतो आणि तिथं बसून राहतो. जो पहिला हात लावेल त्याच्यातून खाली जाणार."

वरदने मोबाइल खिशात टाकला. घरात असं क्वचितच व्हायचं.

अण्णांनी स्वतः पाइपावर टकटक करून पाहिलं. मग त्यांनी खिशातला टेस्टर काढला, पुसला, परत ठेवला. "तीस वर्षांत कोणी मेलाय का?"

"नाही."

"मग? चहा झालाय, घे आणि नीघ. मेथी घेऊन जा."

जिन्यापर्यंत मालन सोडायला गेली. हेरंबने तिला समजेल असं सांगितलं: आज घरी जाताच शॉवरचं बटण बंद करून त्यावर चिकटपट्टी लावा. त्याच्यासाठी घराच्या लाइटच्या मीटरपासून वेगळी जाड वायर पाहिजे, मिक्सरच्या बोर्डातून नाही. बटण मोरीच्या बाहेर, ओला हात पोचणार नाही असं. थोडा जरी करंट गळला तरी डोळ्याची पापणी लवायच्या आत लाइट पाडणारा एक स्विच मिळतो, तो लावायचा. आणि खरं अर्थिंग: चाळीच्या चौकात खड्डा खणून, पत्रा पुरून, मीठ-कोळसा भरून. त्या एका खड्ड्यातून वर तार आणली की सगळ्या मजल्याला होईल.

"खड्ड्याला कमिटीची परवानगी लागेल," तो म्हणाला. "सेक्रेटरीची सही."

मालन घरी आली तेव्हा सेक्रेटरी कॉटच्या कडेवर बसले होते. सुंदराबाई विचारत होत्या, "काडलो नाय ना?"

"नाही काढला," अण्णा म्हणाले. मग मालनकडे न बघता, "तो धंदेवाला आहे. त्याला काम पाहिजे. घाबरवल्याशिवाय काम मिळतं का?"

"मीटर खोटं बोलतो?"

"सहा घरांत मी बसवलेत, मालन. माझ्या हातानं. आता दारोदार जाऊन काय सांगू? की पाइपाला नारळ मी फोडला, आणि शॉवरही मीच लावले? या मजल्यावर मला काय नाव आहे, तुला माहीत आहे ना?"

तिला माहीत होतं. त्यांच्याकडे त्या नावाशिवाय दुसरं काही नव्हतं, हेही माहीत होतं. म्हणून तिने त्या वेळी फक्त चिकटपट्टी आणून बटणावर तीन वेढे लावले.

अण्णांनी सोमवारी सकाळी ती सोलून काढली, चपला चढवल्या आणि अर्धा तास आंघोळ केली. बाहेर येऊन म्हणाले, "बघ. जिवंत आहे."

त्यानंतर सुंदराबाई आंघोळीला गेल्या. त्यांना तर घाई झाली होती.

दुपारी श्रेयाचा फोन आला. "आई, पुढच्या रविवारी निघतो आम्ही. शॉवर झाला ना? नवरा म्हणतोय, अण्णांनी स्वतः बसवलाय म्हणजे टेन्शनच नाही."

"आधी तू ये तर खरी," मालन म्हणाली, आणि आपण 'झाला' म्हणालो नाही हे तिच्या लक्षात आलं.

फोन ठेवून ती सुंदराबाईंसमोर येऊन बसली. सासूबाई लसूण सोलत होत्या.

"आई, बाळाला न्हाऊ कोण घालणार?"

"कोण म्हंजे? मीच. आणि कोणाक येता हय? वरदाक मी घातलंय, श्रेयाक मी घातलंय, तुझ्या घोवाक मी घातलंय."

"कसं घालणार?"

सुंदराबाईंनी सुनेकडे वेड्यासारखं पाहिलं. "मोरीत पाटार बसान. पाय लांब करून. बाळाक पायार पालथा घालान."

"पाय उघडे?"

"मगे काय मोजे घालून? पायाक तेल, बाळाक तेल."

"नळ कुठं असेल?"

"डाव्या हाताक."

"पाणी कमी पडलं की हात कुठं जाणार?"

सुंदराबाईंचा लसूण थांबला.

"चपला कोणाला घालायच्या तेवढं सांगा," मालन म्हणाली. "तुम्हाला की बाळाला?"

म्हातारीने आपल्या पायांकडे पाहिलं. सुरकुतलेल्या, शिरा वर आलेल्या त्या नडग्यांवर या घरातली तीन माणसं मोठी झाली होती. मग ती म्हणाली, "माका होयो तो करंट. माझा काय, पिकला पान. पण बाळाक नको." आणि जरा थांबून, "माझ्या मोरीत तो सोन्याचो असलो तरी नको."

ही एवढी गोष्ट नवऱ्याला सांगायची तर मालनला जोर लावावा लागला असता. त्याच्या आईने सांगितली की संपलं, असं तिला वाटलं होतं. पण संध्याकाळी अण्णा आले, आईने सांगितलं, तर ते हसून म्हणाले, "आई, बाळाच्या वेळी मी मेन बंद करीन. आंघोळ झाली की चालू. दिवसातून एकदा. त्यात काय?" त्यांनी रोज मेन पाडायचं वेळापत्रकसुद्धा मनात केलं, चेहऱ्यावर दिसत होतं. सव्वीस जुलैसारखं काहीतरी त्यांना पुन्हा करायला मिळणार होतं.

तेव्हा मालनला कळलं की या घरात बोलून उपयोग नाही. बाहेर बोलावं लागेल.

मंगळवारी दुपारी बायका गॅलरीत बसतात तेव्हा, कोणी मटार सोलतंय, कोणी साडीला फॉल लावतंय, मालन जाऊन मध्ये बसली. तिने आवाज चढवला नाही, नवऱ्याला नावं ठेवली नाहीत. नळावर किती करंट आहे ते सांगितलं. पाइप प्लास्टिकचा आहे ते सांगितलं. लादीचा, रक्ताचा काही संबंध नाही ते सांगितलं. तेरा नंबरवाली एकदम म्हणाली, "म्हणजे माझं रक्त बरोबर आहे? मी दहा दिवस बीट खातेय!"

पाच नंबरवालीने सांगितलं की तिचे सासरे हातमोजे घालून दाढीचं पाणी घेतात. मग सगळ्याच बोलायला लागल्या. जाईबाईंनी मटाराचं ताट खाली ठेवलं, उठून अकरा नंबरात गेल्या आणि मनवाला हाताला धरून बाहेर घेऊन आल्या. बराच वेळ तिचा हात सोडला नाही.

"अण्णांना वाईट वाटेल," शेवटी कोणीतरी म्हणालंच.

"वाटेल," मालन म्हणाली. "मी बघते."

मग तिने खड्ड्याच्या खर्चासाठी कमिटीच्या खजिनदाराला फोन लावला आणि हेरंबला लावला. एका फुलस्केपवर खड्ड्याच्या परवानगीचा अर्ज लिहिला. अक्षर तिचं चांगलं होतं. लग्नाआधी ती बालवाडीत शिकवायची, हे या घरात फारसं कोणाला आठवत नसे. खाली सहाच नव्हे, चौदाही घरांच्या बायकांनी सह्या केल्या.

जेवायला चौघं बसले तेव्हा आठ वाजले होते. अण्णांनी भाताला हात लावला आणि थांबले. गॅलरीतून येताना त्यांना कोणीही 'काय अण्णा' म्हटलं नव्हतं, किंवा फार आदराने म्हटलं होतं. दोन्ही एकाच जातीचं असतं.

"काय सांगितलंस तू मजल्यावर?"

"आहे ते."

"माझ्याबद्दल?"

"पाइपाबद्दल. आणि तीस वर्षं अर्थिंग चाललं, तेही सांगितलं. हेरंबनेच म्हटलं होतं तसं."

"माझ्या तोंडाला काळं फासलंस."

वरद म्हणाला, "अण्णा, अहो..." आणि आजीने कोपर मारल्यावर गप्प बसला. अण्णा आईकडे बघत होते. सुंदराबाईंनी त्यांच्या पानात माशाची तुकडी वाढली आणि म्हणाल्या, "खा, झिला. तुका मी ह्येच पायार न्हाऊ घातलंय."

मालनने वाटीतली आमटी संपवली. हात धुतला, पिंपातल्या पाण्याने. पदराला पुसला. मग उभी राहून, तिघांकडेही बघून म्हणाली:

"उद्या दहा वाजता हेरंब येतोय. मजल्याची लाइट चारपर्यंत बंद राहील. सहाही शॉवर खाली उतरणार. त्यातले चांगले निघतील ते परत लागतील, वेगळ्या वायरवर. बाकीचे जातील. चौकात खड्डा उद्याच खणायचाय. श्रेयाला मी सांगितलंय, रविवारी निघू नको. नळाला मीटर लावून शून्य दिसलं की मी फोन करीन, त्या दिवशी यायचं. तोपर्यंत आंघोळीचं पाणी गॅसवर तापेल आणि कोणी कधी जायचं ते मी ठरवीन. अर्जावर सेक्रेटरीची सही पाहिजे. कागद फ्रिजवर ठेवलाय, पेन बाजूला आहे. जेवण झालं की सही करा."